मूल कुणाच्या रिटर्नवर?

जानेवारी संपला की अमेरिकेतल्या कराच्या या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी घर विकावं का, भारतातल्या एफडीचं व्याज दाखवावं का, असली निवांत पत्रं असतात. फेब्रुवारीत मात्र माणसं रागावून लिहितात. पुढचं पत्र न्यू जर्सीहून आलंय. नाव-गाव गाळून, बाकी जवळजवळ जसंच्या तसं छापते आहे, कारण असा प्रश्न घेऊन याच महिन्यात आणखी तिघीजणी आणि एक गृहस्थ माझ्याकडे आले.

प्रश्न : ताई, नमस्कार. गेल्या वर्षी १ एप्रिलला माझे मिस्टर वेगळे राहायला गेले. घटस्फोट अजून झालेला नाही, मीडिएशन (मध्यस्थामार्फत बोलणी) चालू आहे. मुलं माझ्याजवळ असतात. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा नोव्हेंबरमध्ये सतरा पूर्ण झाला. दर शुक्रवारी संध्याकाळी ते मुलांना घेऊन जातात आणि रविवारी सकाळी आणून सोडतात. उन्हाळ्यात २४ जून ते १२ ऑगस्ट मुलं सांगलीला माझ्या आईकडे होती. नाताळात २२ डिसेंबरला ते मुलांना फ्लोरिडाला घेऊन गेले, १ जानेवारीला परत आणलं.

मी एका लॅबमध्ये काम करते, वर्षाला ६८,००० डॉलर मिळतात. त्यांना १,७०,००० आहेत. मुलांसाठी ते महिन्याला १,८०० देतात. घरभाडं, वीज, वाणसामान, मुलीचं आफ्टरकेअर (शाळेनंतरचा सांभाळ) हे माझ्या पगारातून.

मी रिटर्न ई-फाइल केलं ते दोन तासांत परत आलं. मुलांचे सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नवर वापरलेत म्हणे. फोन केला तर मिस्टर म्हणाले, "पैसे मी देतो, मुलं माझ्या रिटर्नवर. बावीसशे दुणे चव्वेचाळीसशे माझे. कोर्टात जायचं तर जा." आता त्यांच्या वकिलाकडून सहीसाठी फॉर्म ८३३२ आलाय, मुलांचा दावा त्यांना सोडून देण्याचा. त्यात 'पुढील सर्व वर्षे' असं आधीच टाइप केलेलं आहे. आई फोनवर म्हणते, सही करून टाक, कटकट मिटेल. काय करू?

उत्तर : सही करू नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी नको.

"पैसे मी देतो" हे वाक्य मी या धंद्यात इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने तोंड उघडायच्या आत मला ते कळतं. त्यांना ते मनापासून खरं वाटतं, आणि त्यांचा तसा दोषही नाही. आपल्याकडे खर्च करणाऱ्याचा हक्क असतो. पण अमेरिकेचा कर कायदा वेगळे झालेल्या आईबापांना आधी पैशाचं विचारतच नाही. तो विचारतो, मूल रात्री झोपलं कुठे? ज्याच्याकडे वर्षात जास्त रात्री मुक्काम, तो 'कस्टोडियल पॅरेंट'. मी आपली त्याला मुक्कामाचा पालक म्हणते. मूल रिटर्नवर दाखवायचा पहिला हक्क त्याचा.

मुलांसाठी येणारे १,८०० या हिशोबात कुठेच बसत नाहीत. ते तुमचं उत्पन्न नाही, आणि त्यांना त्याची वजावटही नाही. नऊ महिन्यांचे १६,२०० झाले, तरी दोघांच्याही रिटर्नवर त्याची रेघ उमटत नाही.

तर रात्री मोजू. माझ्या ऑफिसात भिंतीवर कालनिर्णय असतं. ते पंचांगासाठी कमी आणि याच कामासाठी जास्त लागतं. आपल्या आया ज्या चौकोनात दूधवाल्याचे खाडे लिहायच्या, तिथेच मी लोकांना रोज एक अक्षर लिहायला सांगते : 'आ' किंवा 'बा'. तुमचं २०२५ मी तसंच मांडलं.

वर्षाच्या मध्ये फारकत झाली आणि तोवर सगळे एका छपराखाली होते, तर मोजणी वेगळं झाल्यानंतरच्या रात्रींची होते. १ एप्रिल ते ३१ डिसेंबर, म्हणजे २७५ रात्री. त्यांत शुक्रवार ३९, शनिवार ३९. या झाल्या बाबांच्या ७८.

आता सांगली. इथे लोक हमखास चुकतात. "त्या रात्री तर मुलं दोघांकडेही नव्हती, त्या सोडून द्या," असं म्हणतात. सुटत नाहीत त्या. मूल आजीकडे, कँपला किंवा मैत्रिणीकडे झोपलं, तर ती रात्र ज्या पालकाकडे एरवी झालेली असती त्याच्या नावावर जाते. म्हणून सांगलीच्या ४९ रात्रींपैकी सात शुक्रवार आणि सात शनिवार बाबांचे (ते वरच्या ७८ मध्ये धरलेलेच आहेत) आणि उरलेल्या ३५ तुमच्या. तुमचं वेळापत्रक ठरलेलं आणि पाळलेलं आहे म्हणून हे सोपं झालं. मागे एका जोडप्याचं काहीच ठरलेलं नव्हतं, "ज्याला जमेल तो नेईल" असा कारभार. तिथे आजोळच्या रात्री कुणाच्याच ठरेनात, आणि उरलेल्या रात्री बरोबरीत आल्या. बरोबरी झाली की ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्याकडे मूल जातं. तुमच्या घरात तो कोण असता, हे सांगायला नको. तेव्हा वेळापत्रक लिहून ठेवा. ईमेलवर असलं तरी चालेल.

फ्लोरिडा : २२ ते ३१ डिसेंबर दहा रात्री. ३१ तारखेची रात्र सरते १ जानेवारीला, पण ती जिथे सुरू झाली त्या वर्षाची, म्हणून २०२५ मध्येच. दहातल्या शुक्रवार-शनिवारच्या दोन आधीच मोजल्यात. आठ वाढल्या. बाबांच्या ८६, तुमच्या १८९. इथे वादाला जागाच नाही. (लॅबमध्ये तुमची रात्रपाळी असेल तर घाबरू नका. कामामुळे रात्री घरी नसणाऱ्या पालकासाठी कायदा दिवस मोजतो.)

आता चव्वेचाळीसशेचं. तुमच्या मिस्टरांचा गुणाकार चुकलाय. २०२५ साठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे मुलामागे करातून थेट मिळणारी सूट, २,२०० डॉलर आहे, पण ते ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण न झालेल्या मुलाचं. तुमचा मुलगा नोव्हेंबरातच तिथून बाहेर पडला. त्याच्यासाठी ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट मिळतं. दोघांचे मिळून २,७००.

शिवाय एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाहीत, बहुधा माहीत नसावी. कागदोपत्री तुम्ही अजून विवाहित आहात, तरी वर्षाचे शेवटचे सहा महिने नवरा त्या घरात राहत नव्हता, मुलांचं घर निम्म्याहून जास्त वर्ष तुमच्याकडे होतं आणि त्या घराचा निम्म्याहून जास्त खर्च तुम्ही केलात. म्हणजे तुम्हाला 'हेड ऑफ हाउसहोल्ड' (कुटुंबप्रमुख) म्हणून रिटर्न भरता येतं. स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातली सरसकट वजावट, १५,७५० ऐवजी २३,६२५. तुमच्या पगारावर एवढ्यानेच सुमारे १,४०० डॉलर कर कमी होतो, क्रेडिट वेगळंच. मिस्टरांना हे लागू नाही. जानेवारी ते मार्चच्या एकत्र ९० रात्री धरल्या तरी मुलं त्यांच्याबरोबर १७६ रात्रीच होती, आणि लागतात अर्ध्या वर्षाहून जास्त. सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय त्यांनी निवडला असेल, तर त्यांचं रिटर्न दोन जागी चुकलंय.

तुम्ही दिलेल्या पगारांवर मी एकत्र रिटर्नही मांडून पाहिलं, कारण पुष्कळ वकील "निदान कर तरी एकत्र भरा" असं सुचवतात. एकत्र भरून दोघांचे मिळून चारशे डॉलर जास्तच गेले असते. वर त्यांच्या चुकांची जबाबदारी तुमच्याही माथ्यावर.

रिटर्न परत आलंय त्याचं काय? रिटर्न परत येणं म्हणजे तुमचा दावा फेटाळला असं नाही. संगणकाने फक्त 'हा नंबर आधी आलाय' एवढं सांगितलं. पूर्वी अशा वेळी सगळं छापून पोस्टाने पाठवावं लागे. २०२५ च्या हंगामापासून आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याने, एक वाट उघडली आहे. त्यांच्या साइटवर खातं उघडून 'आयपी पिन' नावाचा सहा अंकी नंबर घ्या, तो तुमच्या रिटर्नवर घाला आणि पुन्हा ई-फाइल करा. दुसऱ्याने मुलं आधी दाखवली असली तरी ते आता स्वीकारतात. खातं उघडताना ओळखपत्राचा आणि चेहऱ्याचा फोटो मागतात. दिव्याखाली बसा. माझ्या एका क्लायंटने तिन्हीसांजेला खिडकीशी उभं राहून सात वेळा प्रयत्न केला होता. १५ एप्रिल ही शेवटची तारीख आहे, पण तोवर थांबायचं काही कारण नाही.

काही महिन्यांनी दोघांनाही एक पत्र येऊ शकतं, सीपी ८७ए. त्याचा अर्थ एवढाच : हे मूल दोन रिटर्नवर आहे, ज्याचं चुकलं असेल त्याने दुरुस्त करा. तुमचं बरोबर आहे, त्यामुळे त्याला उत्तर पाठवायची गरज नाही. त्यांनी १०४०-एक्स (दुरुस्तीचं रिटर्न) भरून मुलं काढली तर विषय संपला, नाहीतर आयआरएस दोघांकडून कागद मागेल. ते कागद आताच गोळा करून ठेवा : शाळेचं लेटरहेडवरचं पत्र, त्यावर २०२५ मधला मुलांचा पत्ता आणि पालक म्हणून तुमचं नाव, मुलांच्या डॉक्टरचं तसंच पत्र, मुलांची नावं असलेला भाडेकरार, सांगलीची विमानाची तिकिटं, आणि तुमचं 'आ-बा'चं कॅलेंडर. त्यांनी क्रेडिट घेतलं असेल तर ते व्याजासकट परत जाईल. नियम माहीत असूनही बेफिकिरीने घेतलं असं ठरलं, तर दोन वर्षं हे क्रेडिटच बंद. हे त्यांना धमकी म्हणून सांगू नका. मीडिएटरच्या कानावर मात्र घाला, तो नीट पोचवेल.

आता तो फॉर्म. ८३३२ हा वाईट कागद नाही. मुक्कामाचा पालक त्यावर सही करून मुलाचा दावा दुसऱ्याला देतो, आणि दुसरा तो आपल्या रिटर्नला जोडतो. सहीशिवाय काही नाही, अगदी न्यायाधीशाचा आदेश असला तरी. हे मी स्वतः ठेच लागून शिकले. धंद्यात नवीन असताना एका वडिलांचं रिटर्न केलं. २०११ चा घटस्फोटाचा हुकूमनामा होता, त्यात स्वच्छ लिहिलेलं की मुलगा वडिलांच्या रिटर्नवर. मी म्हटलं, न्यायाधीशाच्या सहीपुढे आणखी काय हवं? हुकूमनाम्याची पानं जोडली आणि पाठवून दिलं. क्रेडिट नामंजूर. २००८ नंतरच्या हुकूमनाम्यांची पानं ८३३२ ऐवजी चालत नाहीत, हा नियम मी वाचलेलाच नव्हता. त्या गृहस्थांची फी मी परत केली. त्यांनी ती घेतली नाही, पण पुढच्या वर्षी ते दुसरीकडे गेले.

तेव्हा तुमच्या सहीला किंमत आहे. ती किती, ते बघा. मुलगी नऊ वर्षांची. २०२५ ते २०३२ अशी आठ वर्षं ती चाइल्ड टॅक्स क्रेडिटच्या वयात राहील. आजच्या दराने १७,६०० डॉलर. आई म्हणते ती कटकट एवढ्याला मिटेल. (आईंना दोष देत नाही हो. मी मिरजेची. आमच्या भागात सही म्हणजे सातबाऱ्यावरची, आणि तिथे मात्र त्या दहादा विचार करतील.)

फॉर्मचे तीन भाग आहेत. पहिल्यात एका वर्षापुरतं सोडता येतं, दुसऱ्यात पुढच्या वर्षांचं, तिसऱ्यात दिलेलं मागे घेता येतं. पण मागे घेतल्याचं त्यांना कळवलं त्याच्या पुढच्या वर्षापासून ते लागू होतं, म्हणजे एक वर्ष हातचं गेलंच. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं : द्यायचंच असेल तर पहिला भाग भरा. एक मूल, एक वर्ष, एक सही. मीडिएशनमध्ये वर्षाआड मुलीचा दावा त्यांना द्यायचं ठरलं तर खुशाल द्या, पण करारात असं घाला की त्या वर्षाची मुलांची पोटगी पूर्ण चुकती झाली असेल तरच तुम्ही त्या वर्षापुरती सही कराल. अट करारात राहू द्या, फॉर्मवर लिहू नका. फॉर्मला अट चालत नाही.

सही केली तरी सगळं जात नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं, वकिलांनासुद्धा. क्रेडिट जातं. हेड ऑफ हाउसहोल्ड तुमच्याकडेच राहतं, मुलीच्या आफ्टरकेअरचं क्रेडिटही तुमचंच. ते ८३३२ ने देता येत नाही.

मीडिएटर बहुधा सुचवेल, "मुलगी आईच्या रिटर्नवर, मुलगा बाबांच्या. एकेक वाटून घ्या." ऐकायला न्याय्य वाटतं, आणि यंदाच्या आकड्यांत तुमच्या फायद्याचंही दिसेल, २,२०० विरुद्ध ५००. पण मुलगा २०२७ मध्ये कॉलेजला जाईल. तेव्हा जो पालक त्याला रिटर्नवर दाखवेल त्याला अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट मिळू शकतं, चार वर्षं दरसाल २,५०० पर्यंत. एकट्याचं उत्पन्न ८०,००० च्या पुढे गेलं की ते घटायला लागतं आणि ९०,००० ला संपतं. तुमच्या ६८,००० वर ते पूर्ण मिळेल. त्यांच्या १,७०,००० वर शून्य. मुलगा त्यांना दिलात तर तुमचं जाईल आणि त्यांनाही मिळणार नाही, सगळं सरकारजमा. शिवाय येत्या नोव्हेंबरात तो अठरा पूर्ण करतो. सज्ञान झाल्यावर मूल कायद्याने कुणाच्याच ताब्यात नसतं, त्यामुळे २०२७ पासून मुलाच्या बाबतीत ८३३२ चा नियमच लागू होत नाही. वकिलाने टाइप केलेलं 'पुढील सर्व वर्षे' त्याच्यापुरतं पोकळ आहे. त्या पोकळ आश्वासनाच्या बदल्यात मीडिएशनमध्ये दुसरं काही सोडून बसू नका. रटगर्स विद्यापीठाच्या हॉस्टेलवर राहिला तरी घर तुमचंच धरतात, ती तात्पुरती गैरहजेरी.

वकिलाला दोन ओळींचं उत्तर पाठवा : २०२५ मध्ये १८९ विरुद्ध ८६ रात्री, कॅलेंडर सोबत जोडलंय, सही करत नाही; पुढच्या वर्षांचं मीडिएशनमध्ये बोलू. रागाचं वाक्य घालू नका. तो कागद पुढे कुठे वाचला जाईल ते सांगता येत नाही.

प्रश्न : मी डॅलसला एच-१बी वर आहे. पत्नी आणि मी दोन वर्षांपासून वेगळे. ती सात वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्याला, कोथरूडमध्ये आईवडिलांजवळ राहते. मुलगा पुण्यातच जन्मला. फी, क्लास, औषधपाणी सगळं मी पाठवतो. मित्र म्हणतो, आयटीआयएन (सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांचा कर-नंबर) काढ आणि मुलाला डिपेंडंट दाखव, कोण बघतंय.

उत्तर : नाही दाखवता येणार. डिपेंडंट मूल अमेरिकेचं नागरिक किंवा इथलं कर-रहिवासी असावं लागतं, नाहीतर कॅनडा किंवा मेक्सिकोचं रहिवासी. त्या यादीत कोथरूड नाही. आयटीआयएन हा नुसता नंबर आहे, त्याने हक्क तयार होत नाही. तुम्ही पाठवता त्या पैशाचं मोल मुलाला आहेच, इथल्या रिटर्नवर मात्र नाही. मुलगा इथे जन्मलेला, म्हणजे अमेरिकन नागरिक असता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा मुक्कामाची पालक म्हणून पत्नीने पुण्यात बसून ८३३२ वर सही केली असती तर तुम्हाला क्रेडिट घेता आलं असतं, मग ती इथे रिटर्न भरत नसली तरी.

मित्राला माझा नमस्कार सांगा. आणि त्याचं स्वतःचं रिटर्न एकदा मला दाखवायला सांगा.